तांबड्या मुलुखातील मातीचे वाडे

घर बांधावयाचे म्हटले की अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांतही पहिली चौकशी सिमेंटच्या पोत्याची व लोखंडी सळईची होते. मातीचे घर ही दारिद्र्याची खूण, ही समजूत आता इतकी दृढ झाली आहे की चार एकरांचा धनीसुद्धा कर्ज काढून स्लॅब टाकतो, आणि वैशाखात त्याच स्लॅबखाली जीव कासावीस झाला म्हणजे अंगणातील लिंबाच्या सावलीस येऊन बसतो. अमेरिका हा जगातील अत्यंत सधन देश. सिमेंटाची व पोलादाची तेथे कसलीच वाण नाही. त्या देशात काही गावे शतकानुशतके आपल्या मातीच्या भिंती हाताने लिंपीत आली आहेत. एका गावाने तर एकदा लावलेले सिमेंट खरवडून काढले आणि पुन्हा माती लावली. ही हकीगत आमच्या वाचकांस विचार करण्याजोगी वाटेल, म्हणून त्या मुलुखाचे व तेथील घरांचे वर्णन येथे थोडे विस्ताराने देत आहो.

संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना, न्यू मेक्सिको, यूटा आणि कोलोरॅडो ही चार राज्ये एका बिंदूत येऊन मिळतात. त्या बिंदूभोवती शेकडो मैल पसरलेला उंच, कोरडा, तांबडा प्रदेश हा आमचा विषय आहे. वाळवंट म्हटले की मारवाडातील वाळूच्या टेकड्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हा प्रदेश तसा नव्हे. त्याची ठेवण पुष्कळशी आपल्या दख्खनच्या पठारासारखी आहे. सपाट माथ्याचे व उभ्या कड्यांचे डोंगर, पायथ्याशी उतरता मुरमाड माळ, आणि माळ चिरीत गेलेले कोरडे ओढे. अजिंठ्याच्या किंवा बालाघाटाच्या रांगेखालून ज्याने उन्हाळ्यात प्रवास केला आहे त्यास हे चित्र चटकन ओळखू येईल. भेद आहे तो खडकाचा. आपला डोंगर थरावर थर साचलेल्या लाव्हाचा, म्हणून काळा. तेथील डोंगर मुख्यतः वालुकाश्माचा. प्राचीन समुद्रांनी साचविलेली व वाऱ्याने लोटलेली वाळू दगड होऊन बसली आहे, आणि तीतील लोहाच्या गंजाने सारा मुलूख तांबडा, केशरी, कोठे पिवळसर दिसतो. सपाट माथ्याच्या डोंगरास तेथे ‘मेसा’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ मेज. मेसा चोहोबाजूंनी झिजत जाऊन अखेर नुसता सुळका उरतो. ॲरिझोना व यूटा यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅली येथे असे चारशेपासून हजार फुटांपर्यंत उंचीचे सुळके ओसाड माळावर एकेकटे उभे आहेत. संध्याकाळी त्यांच्या सावल्या मैल मैल लांबतात.

कोलोरॅडो नदीने ह्याच पठारात कोरलेली घळई ‘ग्रँड कॅन्यन’ ह्या नावाने जगप्रसिद्ध आहे. लांबी २७७ मैल, खोली एक मैलाहून अधिक, आणि तळाशी उघडा पडलेला खडक सुमारे १८० कोटी वर्षांचा. इ. स. १५४० मध्ये गार्सिया लोपेझ दे कार्देनास नावाच्या स्पॅनिश सरदाराची टोळी हिच्या कडेवर येऊन पोहोचली. वरून पाहता तळाची नदी सहा फूट रुंदीचा ओहोळ असावा असा त्यांचा तर्क झाला. तिघे चपळ गडी खाली उतरावयास निघाले. ते तिसरा हिस्साही जेमतेम उतरले आणि परत आले. वरून पुरुषभर दिसणारे खडक जवळ गेल्यावर सेव्हिल शहरातील मोठ्या मनोऱ्याहूनही उंच निघाले, असे त्यांनी सांगितले. त्या मोकळ्या, कोरड्या हवेत दूरचे डोंगर इतके स्वच्छ दिसतात की परक्याच्या डोळ्यास अंतराचा अंदाज मुळीच येत नाही.

दक्षिणेकडे, ॲरिझोनाच्या सखल भागात, खरे काटेरी वाळवंट लागते. तेथील ‘सग्वारो’ हा निवडुंग चाळीस फुटांपर्यंत वाढतो. पन्नास-पाऊणशे वर्षांचा झाल्यावर त्यास पहिली फांदी फुटते, आणि दीडशे वर्षे तो सहज जगतो. मात्र त्या रानातील सगळेच आपणांस परके नाही. तेथील ‘मेस्कीट’ ही आपल्याकडील वेड्या बाभळीची सख्खी बहीण. आणि आपल्या बांधावरील फड्या निवडुंग तर अमेरिकेतूनच इकडे आलेला आहे. मका, मिरची, घेवडा, तांबडा भोपळा हीही त्याच खंडाची देणगी होय, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नकोच.

पावसाचे मान मात्र आपल्याहून फार थोडे. सोलापूर-अहिल्यानगरकडील आपल्या अवर्षणप्रवण टापूतही वर्षाकाठी वीस-पंचवीस इंच पाऊस पडतो आणि तरी आपण हवालदिल असतो. ॲरिझोनातील फीनिक्स शहरास सात-आठ इंच, होपी लोकांच्या गावांस आठ-दहा इंच, आणि सात हजार फूट उंचीवरील सांता फे शहरास चौदा इंचांच्या सुमारास पाऊस मिळतो. त्यातील निम्माशिम्मा जुलै ते सप्टेंबर ह्या काळात, दुपारच्या वळवासारख्या गडगडाटी सरींनी येतो. ह्या पावसाळ्यास तेथील लोक ‘मॉन्सून’ म्हणतात. आपण ज्यास मोसमी पाऊस म्हणतो तोच हा अरबी शब्द खलाशांबरोबर युरोपात, आणि युरोपातून अर्धी पृथ्वी ओलांडून तेथे पोहोचला आहे. सर कोसळली की कोरडा ओढा घटकाभरात दुथडी भरतो आणि संध्याकाळी पुन्हा नुसती ओली वाळू उरते.

अशा मुलुखात माणसाने चार-चार मजली घरे बांधली, आणि ती बहुतेक मातीची.

तेथील मूळ रहिवाशांपैकी जे लोक गाव करून राहात व मका पिकवीत, त्यांच्या वस्तीस स्पॅनिश लोकांनी ‘प्वेब्लो’ म्हणजे गाव असे म्हटले, आणि पुढे त्या लोकांसही तेच नाव पडले. आज न्यू मेक्सिकोत अशी १९ गावे आहेत. ॲरिझोनातील होपी हेही त्यांचेच भाऊबंद. ह्या गावांत न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडील ताओस हे सर्वांत पाहण्यासारखे. डोंगरावरच्या निळ्या तळ्यातून आलेला ओढा गावाच्या मधून वाहतो, आणि त्याच्या दोन्ही काठांवर एकेक प्रचंड मातीचा वाडा उभा आहे. वाड्याचे मजले पायरीपायरीने मागे सरत गेले आहेत. खालच्याचे माळवद तेच वरच्याचे अंगण. कोठे कोठे पाच मजले भरतात. ह्या इमारतींचा मुख्य भाग इ. स. १००० ते १४५० च्या दरम्यान उभा राहिला असावा असे जाणकार मानतात, आणि तेव्हापासून तेथे चूल पेटत आली आहे. पूर्वी तळमजल्यास दारे नसत. शिडी लावून माळवदावर जावयाचे, आणि माळवदातील भोकातून दुसऱ्या शिडीने घरात उतरावयाचे. शत्रू आला की बाहेरची शिडी वर ओढून घेतली म्हणजे सारा वाडाच गढी होई. आता दारे-खिडक्या आल्या आहेत. परंतु जुन्या गावकुसाच्या आत वीज आणि नळ घ्यावयाचा नाही हा नियम ग्रामस्थांनी कायम ठेवला आहे. बारमास तेथे राहणारी माणसे सुमारे दीडशेच. इतरांनी गावकुसाबाहेर नवी घरे केली, पण सणावारास सर्व जुन्या वाड्यात जमतात. ज्या निळ्या तळ्यातून ओढा येतो ते १९०६ साली सरकारने जंगलात ओढून घेतले होते. ह्या गावाने चौसष्ट वर्षे दाद मागून, रोख भरपाई नाकारून, १९७० साली ते ४८,००० एकर रानासह परत मिळविले.

माळवदाची रचना ऐकून आमच्या मराठवाड्यातील व खानदेशातील वाचकांस नवल वाटेल. भिंतीवर साल काढलेल्या पाइनच्या गोल तुळया टाकतात. तुळयांवर आडवी बारीक लाकडे दाटीने मांडतात. आपण त्यांस किलचण म्हणतो. त्यांवर झाडाची साल, गवत, पाला अंथरतात, आणि त्यावर मातीचा थर चोपून बसवितात. पावसाचे पाणी काढावयास कठड्यातून पन्हळी सोडतात. आपले धाबे ह्याहून वेगळे ते काय? समुद्रापलीकडील हे लोक आपणांपाशी शिकले नाहीत आणि आपण त्यांच्यापाशी शिकलो नाही. थोडा पाऊस, थोडे लाकूड आणि विपुल माती ह्या तिहींनी दोघांसही एकच विद्या शिकविली. आपल्याकडे जसे घराचे माप खणांवर, तसे तेथे खोलीची रुंदी तुळईच्या लांबीवर ठरते. तुळयांची टोके भिंतीबाहेर हात-दोन हात डोकावतात. दगडी कुऱ्हाडीने लाकूड तोडणे हेच मोठे कष्टाचे असल्यामुळे ते नेमके तोडीत बसण्यापेक्षा बाहेर राहू देत, आणि घर मोडले तर तीच तुळई दुसऱ्या घरास लावीत.

भिंतीचे काम मूळ बायकांचे. १५४० च्या स्वारीचा वृत्तान्त लिहिणाऱ्या कास्तानेदाने हे लिहून ठेवले आहे. चुना नसल्यामुळे बायका काटक्या व गवत जाळीत, त्या राखेत माती व पाणी कालवून गोळे करीत, आणि दगडाच्या जागी ते गोळे रचून भिंत चढवीत; पुरुष लाकडे आणीत, शिकार करीत आणि सूत काढून कापड विणीत. होपी लोकांत घराची मालकी अद्याप बायकोकडे चालते. लग्न झाल्यावर नवरा तिच्या घरी राहावयास जातो. साच्यात पाडलेली कच्ची वीट ही मात्र स्पॅनिश लोकांची भर. त्यांनी गहू आणला, त्याबरोबर विटेत घालावयास काड आले, आणि उलट्या घमेल्याच्या आकाराची मातीची भाकरभट्टीही आली. ह्या विटेचे ‘अडोबी’ हे नाव मूळ प्राचीन मिसर देशातले. तेथून अरबांकडे ‘अत्-तूब’, अरबांपासून स्पॅनिश लोकांकडे, आणि त्यांच्याबरोबर न्यू मेक्सिकोस. गंमत अशी की १९८० च्या सुमारास हसन फथी हा प्रख्यात मिसरी वास्तुशास्त्रज्ञ आपले गवंडी घेऊन न्यू मेक्सिकोतील आबिक्यू येथे कच्च्या विटांची मशीद बांधावयास गेला. शब्दामागून कारागीरही पोहोचले म्हणावयाचे.

ह्या विटेचे सर्वसाधारण माप चौदा इंच लांब, दहा इंच रुंद व चार इंच जाड. वजन तीस-पस्तीस पौंड. माती निवडणे हीच खरी कसोटी. चिकणमाती फार झाली तर वीट वाळताना तडकते, रेती फार झाली तर भुगा होतो. शंभरात पंधरा ते पंचवीस भाग चिकणमाती व बाकी रेताड माती हे प्रमाण सामान्यतः योग्य ठरते. आपल्या काळ्या रानातील माती फुगते व आकसते, तिची वीट कामाची नाही, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. म्हणूनच ते घरास पांढरीची माती वापरीत. वीट काही दिवस आडवी व नंतर उभी करून पुरते वाळू देतात. अशा विटांची दोन-दोन फूट जाडीची भिंत दिवसाचे ऊन पिऊन बसते. ती उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र पडलेली असते, आणि त्या उंच मुलुखात रात्री गारठा असतो, तेव्हा ती हवीशीच वाटते. सततच्या कडाक्याच्या थंडीत नुसत्या भिंतीने भागत नाही. तेव्हा शेगडी लागतेच.

वाडे सर्वच मातीचे नव्हते. चाको कॅन्यन येथील ‘प्वेब्लो बोनितो’ हा सुमारे इ. स. ८५० ते ११५० च्या काळातील अर्धवर्तुळाकार वाडा घडीव चिपांच्या दगडांचा. सहाशेहून अधिक खोल्या, आणि तुळया पन्नास मैल दूरच्या डोंगरांवरून माणसांनी वाहून आणलेल्या. गाडी नाही, बैल नाही, घोडा नाही. मेसा व्हर्दे येथे कड्याच्या पोटातील कपारीत दीडशे खोल्यांचे अख्खे गाव वसलेले आहे. कपार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे हिवाळ्यातील खालचे ऊन थेट आत येते आणि उन्हाळ्यात माथ्यावरच्या सूर्यापासून कड्याचीच सावली मिळते. हे गाव इ. स. १३०० च्या आतच ओस पडले. का पडले, ह्याचा काही उलगडा घराच्या तुळयांनीच केला. ए. ई. डग्लस हा ज्योतिर्विद झाडांच्या खोडातील वार्षिक वलये मोजीत असे. चांगल्या पावसाच्या साली वलय रुंद, अवर्षणात अरुंद. जिवंत झाडांची वलये व जुन्या तुळयांची वलये जुळवीत तो मागे मागे गेला, आणि १९२९ साली ॲरिझोनातील शो लो गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने मधली तुटलेली साखळी जोडली गेली. तेव्हा दिसले की १२७६ पासून १२९९ पर्यंत त्या मुलुखात दुष्काळ पडला होता. दुष्काळ हेच एक कारण नव्हे, आपसांतील लढाया व तंटेही होते, असे हल्लीचे विद्वान सांगतात. पण तेवीस-चोवीस वर्षांची नापिकी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस विद्वानांकडून समजून घ्यावयास नको. लोक नाहीसे झाले नाहीत. पाण्याच्या आश्रयाने रिओ ग्रांदे नदीकाठी व होपी, झुनी, आकोमा ह्या गावांकडे गेले, आणि त्यांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत.

आकोमा हे गाव साडेतीनशे फुटांहून उंच अशा कड्यावर आहे. १५९९ साली स्पॅनिश फौजेने ते लुटले व शेकडो माणसे मारली. १६२९ नंतर त्याच गावकऱ्यांकडून तेथे मोठे देऊळ बांधविले. माती खालून पाठीवरून वर नेली, तुळया तीसेक मैलांवरील डोंगरातून आणल्या. प्रवासी ह्या इमारतीची वाहवा करतात, ती योग्यच आहे. पण ती सेवा नव्हती, वेठ होती, हे विसरून चालणार नाही.

होपींच्या शेतीविषयी थोडे लिहिले पाहिजे. त्यांची गावे तीन मेसांच्या टोकांवर आहेत; त्यांतील ओराइबी बाराव्या शतकापासून सतत वसलेले आहे. नदी नाही, पाट नाही, आणि तरी ते मका घेतात. हिवाळ्यातील बर्फाचे पाणी वाळूखालच्या चिकण थरात धरून राहते. त्या ओलाव्यापर्यंत टोकदार काठीने आठ ते बारा इंच, कधी त्याहूनही खोल खळगा करून त्यात एकदम दहा-बारा दाणे टाकतात. दोन खळग्यांत कित्येक फुटांचे अंतर. एवढ्या खोलीतून साधा मका वर येणार नाही. १९१४ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील जी. एन. कॉलिन्स यांनी दाखविले की होपी मक्याच्या कोंबाचा बुडाचा भाग विलक्षण लांब होतो व त्याचे मुख्य मूळ सरळ खाली जाते. म्हणूनच तो उगवतो. शेकडो वर्षे बी राखताना शेतकऱ्यांनी जे निवडले ते हे. झुनी गावात बायका परसात मातीच्या कडा घालून लहान लहान चौकोनी वाफे करीत व डोक्यावरून घागरीने आणलेले पाणी त्यांत घालून मिरची-कांदा पिकवीत. आपल्या परसातील वाफ्यांत आणि त्यांच्यात काडीचाही भेद नाही.

नदीकाठच्या गावांत मात्र पाट आहेत, आणि पाटांचा व घरांचा संबंध जवळचा आहे, कारण दोन्ही एकाच गोष्टीवर टिकतात: दर वर्षीची सामाईक मेहनत. ह्या पाटांस ‘असेकिया’ म्हणतात. हाही अरबी शब्द, मूर लोकांनी स्पेनमध्ये नेलेला. नदीस बांध घालून काढलेला पाट सर्व हिस्सेदारांच्या मालकीचा. दर वसंतात प्रत्येक हिस्सेदाराने स्वतः येऊन अथवा गडी पाठवून पाटातील गाळ काढावयाचा. पाण्याच्या पाळ्या ठरविणारा ‘मायोर्दोमो’ सर्वांनी निवडावयाचा. आणि पाणी कमी झाले तर तुटवडा सर्वांनी वाटून घ्यावयाचा. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवरील आपली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस मायोर्दोमो म्हणजे पाटकरीच हे सांगावे लागणार नाही. न्यू मेक्सिकोत असे सुमारे सातशे पाट अद्याप चालू आहेत. शहरे व बांधकामवाले एकेका हिस्सेदाराचे पाणी विकत घेऊ लागले, तेव्हा २००३ साली तेथे कायदा होऊन, पाटाबाहेर पाणी नेण्यास हरकत घेण्याचा अधिकार पाटाच्या पंचांस मिळाला. आपल्याकडील फड किती उरले, आणि का मोडले, ह्यावर एक स्वतंत्र लेख होईल.

आता सिमेंटाची हकीगत. ताओसपासून जवळच रांचोस दे ताओस नावाचे स्पॅनिश वंशाच्या शेतकऱ्यांचे गाव आहे. तेथील संत फ्रान्सिसचे देऊळ १८१६ च्या सुमारास पुरे झाले. मागच्या बाजूस मातीचे जाडजूड पुस्ते, कोठे खिडकी नाही, कोपरा धारदार नाही, सर्व कडा हाताने गोल केलेल्या. मोठमोठ्या चित्रकारांनी त्याच पाठीमागच्या भिंतींची चित्रे काढली, आणि देऊळ पुढून कसे आहे हे पाहण्याआधीच लोकांस ते मागून ठाऊक झाले. माती पावसाने व बर्फाने झिजते, म्हणून गावकरी ठराविक वर्षांनी नवा गिलावा करीत. माणसे शहरांत कामास जाऊ लागली, हात कमी पडू लागले, आणि १९६७ साली पंचांनी ठरविले की ही दरसालची कटकट नको. सिमेंटाचा पक्का गिलावा करून टाकू. त्यांस दोष देता येणार नाही. आपण कोणीही हेच केले असते, आणि गावोगाव करीत आहो.

पण झाले काय, की सिमेंट व माती ऊन-थंडीत सारखी फुगत-आकसत नाहीत. गिलाव्यास बारीक भेगा पडल्या. भेगांतून पाणी आत गेले. मातीच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून गेले असते. सिमेंटाने ते कोंडले. पायातूनही ओल वर चढते, तिलाही बाहेर वाट उरली नाही. कच्च्या विटा आतल्या आत भिजून चिखल होऊ लागल्या, आणि बाहेरून भिंत मात्र टणक व गुळगुळीत दिसत होती. मातीच्या भिंतीचा दोष बाहेर दिसतो, आणि दिसतो म्हणून दुरुस्त होतो; येथे तो झाकला गेला होता. बारा वर्षांत विटांची पुष्कळ खराबी झाल्याचे उघडकीस आले. गावात वाद झाले, तज्ज्ञ आले, आणि १९७९ साली सारे सिमेंट फोडून काढून, कुजलेल्या विटा बदलून, माती-रेती-काडाचा गिलावा पुन्हा हाताने केला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, बहुधा जून महिन्यात, गावकरी देवळाशी जमतात. कोणी माती चाळतो, कोणी काड कालवितो, मुले बादल्या वाहतात, आणि जाणत्या बाया तळहाताने गिलावा चढवितात. गिलाव्याचे काम करणाऱ्या बाईस तेथे ‘एन्हार्रादोरा’ असा खास मानाचा शब्द आहे. आपल्याकडे सारवणाऱ्या बाईस असा शब्द कोणी दिला नाही.

हे वाचून कोणी उद्या आपले पक्के घर पाडावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मातीच्या घरास एक भयंकर बाजू आहे आणि ती आपण भोगली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व भोवतालच्या गावांत जो भूकंप झाला, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेक आपल्याच घरांखाली. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंती, आणि गळती थांबावी म्हणून दर साली नवी पांढरी टाकून टाकून एक-दोन फूट जाड झालेले माळवद. तेवढे ओझे डोक्यावर कोसळले. त्यानंतर तिकडील माणसाने माळवदाखाली निजावयाचे नाकारले, तर त्यास कोणत्या तोंडाने नावे ठेवावी? न्यू मेक्सिकोतही हल्ली कच्च्या विटांचे नवे घर बांधताना भिंतींच्या माथ्यावर लाकडाचा किंवा काँक्रीटचा सलग पट्टा घालतात, म्हणजे भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. माळवद असलेल्यांनी निदान एवढे करावे: नवी माती टाकण्यापूर्वी जुनी खरवडून काढावी, थर वाढू देऊ नये; आणि मातीच्या भिंतीस बाहेरून सिमेंट लावण्याचा मोह आवरावा, कारण त्यात पैसाही जातो आणि भिंतही जाते. पायाजवळची जमीन भिंतीपासून बाहेर उतरती ठेवणे व पन्हळ लांब काढणे, ह्या दोन बिनखर्चाच्या उपायांनी भिंतीचे आयुष्य जितके वाढते तितके कोणत्याही लेपाने वाढत नाही.

न्यू मेक्सिकोतही सारे गोड नाही. सांता फे शहरात १९५७ साली नियम झाला की जुन्या भागातील घरांचे रूप मातीच्या घरासारखेच हवे. रूप राहिले, परंतु पुष्कळ घरांत आत लाकडी चौकट, वर तपकिरी रंगाचे सिमेंट, आणि शोभेपुरती तुळयांची टोके. खऱ्या कच्च्या विटांचे घर मजुरीमुळे इतके महाग झाले आहे की ते हौशी धनिकांची चैन होऊ पाहते, आणि ज्यांच्या आजोबांनी त्या विटा पाडल्या ते पुष्कळसे चाकांवर आणून ठेवलेल्या पत्र्याच्या तयार घरांत राहतात.

आपल्याकडे मात्र माती अद्याप फुकट आहे आणि चिखल तुडविणारे हात पुरते गेलेले नाहीत. पांढरी कोठून आणावी, तीत राख, भुसा किंवा शेण किती घालावे, माळवद किती वर्षांनी उकलावे, हे प्रत्येक टापूत निराळे असते आणि ते कोठे एकत्र लिहिलेले नाही. ज्या वाचकांच्या घरी अद्याप माळवद नांदते आहे, त्यांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस, विशेषेकरून सारवणगिलावा करणाऱ्या बायांस विचारून ही प्रमाणे, गावाचे नाव व पाऊसमान यांसह, दिवाळीपूर्वी आमच्याकडे लिहून पाठवावी. आलेली माहिती पुढील अंकांतून क्रमाने छापू.